खिडकीकडची जागा

आमच्या घरात आभाळ गडगडलं की सगळ्यांत आधी अक्का उठायची. हातातलं काम टाकून ती कधी उठली नाही. भाकरी तव्यावर असेल तर ती उलटून, उलथणं माझ्या हातात देऊन, मग खुंटीवरची काळी घोंगडी काढून ती परसातल्या जळणाच्या छपरात जाऊन बसायची. तिला जा असं कोणी म्हणत नसे. आई चुलीपुढून मान वर करत नसे. आबा अंगणाच्या मधोमध लोखंडी पहार आडवी टाकायचे, म्हणजे वीज आलीच तर लोखंडावर जाईल, आणि मग दार लोटून घ्यायचे. आम्ही आत, पहार अंगणात आणि अक्का छपरात. पाऊस उघडला की ती परत येऊन तव्यापुढे बसायची आणि माझ्या हातून करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची. हे इतकं रोजचं होतं की दुसऱ्यांच्या घरातून असं कोणी उठून जात नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नाव हौसा. ती पायाळू होती. आताच्या वाचकांना सांगायला हवं, की जन्मताना ज्या मुलाचे डोक्याऐवजी पाय आधी बाहेर येतात त्याला पायाळू म्हणतात, आणि पायाळूवर वीज पडते असा आमच्याकडे पक्का समज होता. आम्ही मूळचे माणदेशातले, मेंढरं राखणारे. माळावर विजा चमकायला लागल्या की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून एका जागी गोळा होतात. अशा वेळी आजोबा लहानग्या हौसाला कळपापासून लांब नेऊन मोकळ्या माळावर बसवायचे. एका पोरीपायी सगळा कळप जायला नको, एवढाच त्यातला हिशेब. त्यात दुष्टावा नव्हता. घोंगडीची खोळ तिच्या डोक्यावर घालून ते तिच्या मुठीत गुळाचा खडा द्यायचे आणि गूळ संपायच्या आत पाऊस जाईल असं सांगायचे. अक्का म्हणायची, मी तो गूळ चघळायची नाही, नुसता जिभेवर धरून ठेवायची.

दुष्काळात मेंढरं गेली आणि आम्ही सांगलीला आलो. आबांना हळदीच्या पेठेत हमाली मिळाली. आई आणि अक्का एका वखारीत हळद निवडायला जात. आमच्या घरातलं सगळं पिवळं होतं. आबांचं धोतर, अक्काच्या नखांच्या कडा, मोरीतून वाहणारं पाणी, माझ्या पुस्तकांचे कोपरेसुद्धा. वर्गातल्या मुली विचारायच्या, शालन, तुमच्याकडे रोज हळदीचा कार्यक्रम असतो का गं. मी हसून सोडून द्यायची. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री पुन्हा भाकरी आणि कसलीतरी आमटी. आमटीत कधी पेठेतला गुळाचा खडा पडला तर आबा दोनदा वाढून घेत. अकरावीनंतर मलाही वखारीत घ्यावं असं घरात बोलणं निघालं, तेव्हा अक्का पहिल्यांदा आबांपुढे उभी राहून बोलली. "हिला हळदीत घालू नका, आबा. पिवळी झाल्याली आमी बास हाय." मी पदवीधर झाले ती त्या एका वाक्यावर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

आम्ही राहत होतो ती वसाहत गावाबाहेर नव्यानं उठत होती. काही घरं पत्र्याची, काही कौलारू, दोन-तीन स्लॅबची. मध्ये मोकळे प्लॉट, त्यांत बाभळी, कडेला एक जुनी चिंच. आमच्या पलीकडे जगतापकाकांचं स्लॅबचं घर. काका पलटणीत बिनतारी संदेशाच्या कामावर होते, निवृत्त होऊन आलेले. त्यांना रेडिओचं वेड. गच्चीवर त्यांनी उंच लोखंडी पाइप उभा केला होता आणि त्याच्या टोकाला एरियल. दूरदूरची स्टेशनं धरायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज सोडायचे. ते गाणं ऐकत आम्ही भांडी घासायचो. त्यांची मुलगी मंगल अक्काच्याच वयाची. दोघींचं गूळपीठ होतं, पण ते कोरड्या दिवसांतलं. आभाळ भरलं की मंगलची आई दारातून नुसती आमच्या छपराकडे बघायची, आणि अक्का काय ते समजायची.

पायाळूचा एक गुणही सांगतात. त्याचा पाय पाठीला लागला की कमरेतली उसण जाते. त्यामुळे सकाळच्या वेळी आमच्या दारात कोणी ना कोणी कण्हत आलेलं असायचं. माणूस ओट्यावर पालथा पडायचा, अक्का पदर खोचून त्याच्या कमरेला हलकेच तीन वेळा पाय लावायची आणि लगेच वाकून त्याच माणसाला नमस्कार करायची, कारण मोठ्या माणसाला पाय लावलेला. तो पाइप उभा करताना काकांची कंबर धरली तेव्हा तेही आले होते. पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "हाण पोरी, पलटणीत लय लाथा खाल्ल्यात, पर बरं वाटणारी ही पहिलीच." अक्का हसून हसून भिंतीला टेकली. तिला एवढं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. पाठ धरली की सगळ्यांना ती हवी असायची, आणि ढग आले की तेच लोक तिची सावली टाळायचे. तिला याचा राग येत नव्हता. मला यायचा.

कॉलेजात भौतिकशास्त्राला आम्हाला जे सर होते ते साताऱ्याचे. खेड्यातून आलेल्या मुलांना ते वर्ग सुटल्यावर थांबवून घेत आणि न समजलेलं पुन्हा समजावत; माझ्यासारख्या कितीजणी त्यांच्यामुळे तरल्या. विजेचा धडा शिकवून झाल्यावर त्यांनी सांगितलं, आपापल्या वस्तीत जा आणि वीज पडण्याचा धोका कुठं जास्त आहे ते बघून या. कोणतं घर उंच, छपरावर काय आहे, झाड किती लांब, तार जमिनीत पुरली आहे की नाही, पाऊस आला की माणसं कुठं उभी राहतात. सगळं नकाशावर मांडा. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वसाहत काढली आणि अक्काला सोबत घेतलं. एक हातभर काठी उन्हात उभी धरायची, तिची सावली मोजायची, मग घराची सावली मोजायची. त्यावरून घराची उंची काढायची. काठी धरायचं काम अक्काकडे. बायका विचारायच्या, जमीन विकत घेताय व्हय गं. अक्का गंभीरपणे सांगायची, "व्हय, समदीच घेणार हाय. तुमी कवा खाली करताय?"

चिंचेची सावली मोजून झाली आणि आम्ही तिच्याच बुंध्याशी बसलो होतो. अक्कानं विचारलं, "शाले, माझी बी मोज की." मी तिला उन्हात उभी करून सावली मोजली, गणित केलं आणि तिची उंची सांगितली.

"म्हंजे त्या पलीकडच्या शेवग्यापरास बी बुटकी."

"पुष्कळच बुटकी."

"मग माझ्यावर कशाला पडंल ती?"

मी तिला सांगितलं की वीज कोण कसं जन्मलं ते बघत नाही. ती उंच जागा बघते आणि जमिनीकडे जायला सोपी वाट बघते. अक्का बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "आज्ज्यानं मला माळावर बसवायचं म्हंजे तवा माळावर सगळ्यांत उंच मीच." सरांनी जे दोन तासांत शिकवलं होतं ते तिला तेवढ्यात कळलं होतं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. उठून लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चल, काकाचं घर ऱ्हायलंय."

काकांच्या पाइपाची सावली रस्ता ओलांडून पलीकडच्या कुंपणावर चढली होती. सगळ्या वसाहतीत तेवढं उंच दुसरं काही नव्हतं. पाइपापासून जाड तांब्याची तार भिंतीवरून खाली येऊन तुळशीमागे जमिनीत पुरलेली होती, म्हणजे वीज आलीच तर त्या तारेनं मातीत जावी. काकांनीच ती बसवली होती, कामाचा माणूस. पण मंगलला बघायला पाहुणे येणार म्हणून घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यानं तार वरून सोडवली ती तशीच गुंडाळून कठड्याला अडकवलेली. एरियलची बारीक तार मात्र खिडकीतून सरळ आत रेडिओला जात होती. मी काकांना दाखवलं. ते माझं बोलणं नीट ऐकत होते, मधेच मंगलच्या आईला हाक मारून म्हणाले, बघा, हमालाची पोरगी मला बिनतारी शिकवतीया, आणि त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. "लावतो गं," म्हणाले, "पाहुणं येऊन जाऊ देत, रविवारी लावतो." मी नकाशात त्यांच्या घरावर तांबड्या पेन्सिलीनं खूण केली. आमच्या घरावर केली नाही, कारण आमचं पत्र्याचं बुटकं घर त्या पाइपाच्या आणि चिंचेच्या मानानं काहीच नव्हतं. पाहुणे येऊन गेले, पसंती कळवली आणि घरात लग्नाची गडबड सुरू झाली.

लग्नाआधी शेवया व्हायच्या होत्या. वैशाखातली दुपार, काकांच्या अंगणात बाजा टाकलेल्या, बायकांचे हात पिठानं माखलेले. शेवया वळताना बायका बोलतात तशा कुठंच बोलत नाहीत. मंगलच्या सासूचं नाक, नवऱ्याची नोकरी, सगळं निघालं. अक्काच्या शेवया सगळ्यांत बारीक. मंगल म्हणाली, "हौसे, तूच चल माझ्यासंगं सासरला. शेवया तुझ्या, नाव माझं." अक्का म्हणाली, "आन् नवरा कुणाचा?" एवढा हशा झाला की काका गच्चीवरून डोकावले.

मिरजेच्या बाजूनं काळं कधी चढलं ते कळलं नाही. वारा सुटला आणि बाजेवरच्या अर्ध्या ओल्या शेवया उडायला लागल्या. सगळ्या जणी चादरी, सुपं, परड्या उचलून जवळच्या दारात, म्हणजे काकांच्या पुढच्या खोलीत धावल्या. अक्काच्या दोन्ही हातांत सूप होतं. उंबऱ्यापाशी ती थांबली. तिनं सूप माझ्याकडे दिलं आणि वळून आमच्या छपराकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत आतून मंगल आली आणि तिनं अक्काचा हात धरला.

"कुठं निघालीस? शालननं समदं मोजलंय न्हवं? ये आत."

मंगलची आई एका कोपऱ्यात शेवया पसरत होती. तिनं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. अक्का आत आली. आयुष्यात पहिल्यांदा विजेच्या वेळी ती चार माणसांत बसणार होती. कुठं बसावं ते तिला कळेना. खोलीच्या मधोमध कॉटवर मंगल बसायला निघाली होती, ती थांबली, अक्काला खांद्याला धरून तिथं बसवलं आणि आपण खिडकीखाली रेडिओच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मी म्हणाले, मंगल, रेडिओपासून सरक. ती म्हणाली, "बंद हाय की गं रेडिओ," आणि पाठीमागे हात नेऊन बटण बंदच असल्याचं तिनं मला दाखवलं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. खोली पांढरी झाली. आवाज आला असेल, पण मला आठवते ती आवाजानंतरची शांतता आणि जळाल्याचा वास. रेडिओची लाकडी पेटी उभी चिरली होती. खिडकीच्या चौकटीपासून भिंतीवर एक काळी रेघ खाली आली होती, नव्या रंगावर, आणि ती मंगलच्या खांद्यापाशी संपली होती. मंगल बसली होती तशीच बसली होती. आधी मला वाटलं, ती घाबरून गप्प आहे. अक्काच तिच्याकडे धावली. "मंगल, ए मंगल," करत तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाकीच्या बायका पलीकडच्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. आणि मग त्यांच्यातल्याच एकीच्या तोंडून शब्द आला, मोठ्यानं नव्हे, "पायाळू."

त्या दिवसापासून वसाहतीत एकच गोष्ट सांगितली जाऊ लागली. वीज हौसासाठी आली होती. हौसाच्या जागी मंगल सापडली. माझ्याकडे नकाशा होता, त्यावर ती तांबडी खूण होती, सुटलेली तार अजून कठड्याला लोंबत होती. मी तो घेऊन घरोघर जाणार होते. आबांनी मला दारात अडवलं. ते म्हणाले, तू सांगशील ते खरं असंल, पण ज्या घरातली पोर गेली त्या घरापुढं उभं राहून तुमची तार सुटली होती म्हणून सांगशील का? मी नकाशा गुंडाळून ठेवला. ही माझी चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. काही खरं सांगायला दुसऱ्याचं तोंड लागतं.

अक्का वखारीत जायची थांबली, कारण तिच्या शेजारी हळद निवडायला कोणी बसेना. सकाळी उसणीसाठीही कोणी आलं नाही. साताऱ्याला आमचे मामा होते, त्यांनी तिला घेऊन जायचं कळवलं. ती निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. गच्चीवरचा पाइप त्यांनी एकट्यानं उतरवून ठेवला होता. हात सोललेले दिसत होते. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं धरून ठेवलं. मग म्हणाले, "हौसा, तार माझी सुटली हुती. तुझा काय बी दोष न्हाई. मी चौकात उभं राहून सांगायला तयार हाय."

अक्का दाराआड उभी होती. ती बाहेर आली, काकांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "आवं काका, तार तर रोजच सुटल्याली हुती. मी तेवढी त्या दिवशीच आत आले."

काकांनी तोंडावर उपरणं धरलं. मी उंबऱ्यात उभी होते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. पुढं जन्मभर मी साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांना काठीच्या सावलीवरून झाडं आणि घरं मोजायला लावली, कितीतरी घरांवरच्या तारा जमिनीपर्यंत नेऊन घेतल्या. पण ज्यानं आपलं माणूस गमावलंय त्याच्या गणिताला कुठून हात घालायचा, ते मला शिकवता आलं नाही, कारण मला स्वतःलाच आलं नाही. काकांनी चौकात सांगितलं, असं पुढं आईकडून कळलं. लोकांनी ऐकून घेतलं. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले.

मला नोकरी लागल्यावर अक्का माझ्याकडे राहायला आली ती अखेरपर्यंत. तिचं लग्न झालं नाही. तिनं होऊ दिलं नाही. माझं घर बांधताना मी सगळ्यांत आधी वीजरोधक तार बसवली आणि ती जमिनीत जाते ती जागा अक्काला उघडी करून दाखवली. तिनं हात लावून बघितलं, चांगली हाय म्हणाली. तरीही अजिंक्यताऱ्यावर ढग टेकले की ती उठायची, घोंगडी घ्यायची, कोठीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. माझी मुलं लहान होती तेव्हा त्यांना तो खेळ वाटायचा. मी दाराबाहेर बसकर टाकून बसायची आणि आतल्या तिच्याशी बोलत राहायची, पेठेतल्या गोष्टी, आजोबांच्या मेंढरांच्या गोष्टी. मंगलचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही. गडगडाट फार वाढला की आतून आवाज यायचा, "शाले, लांब बस."

शेवटच्या आजारात तिला उठता येत नव्हतं. एका दुपारी आभाळ भरून आलं. मी खिडकी लावून घेतली, पण तिनं गडगडाट ऐकला होता. तिनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग मला म्हणाली, "तू तरी भाईर जा." मी गेले नाही. पुन्हा म्हणाली, मी तशीच उभी. मग मी तिच्याजवळ पलंगावर बसले आणि तिचा हात हातात घेतला. नखांच्या कडा कधीच्या पांढऱ्या झाल्या होत्या. आभाळ फार जवळ वाजलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "खिडकी कुठल्या अंगाला हाय गं?"

तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. मी तिचा हात धरून खिडकीकडे नेला. तळहात गादीवर टेकून, धापा टाकत, ती इंचाइंचानं त्या बाजूला सरकली आणि आतल्या भिंतीकडची जागा तिनं मला करून दिली.